गोष्ट कोणाची?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ. आजवर या सभागृहात मी उभी राहिले ती बहुतेक चहाच्या पातेल्यापाशी. माझे शिक्षण सातवीपर्यंत, कारण आमच्या गावची शाळाच सातवीपर्यंत होती. त्यामुळे चिटणीसबाईंनी ‘लोककथांचे संकलन आणि जगातील धर्म व संस्कृती’ असा भारदस्त विषय कागदावर लिहून माझ्या हातात दिला, तेव्हा मी म्हटले, “अहो, हा विषय प्रोफेसरांचा. मला कशाला पुढे करता?” त्यावर त्या म्हणाल्या, “वर्षभर हस्तलिखिताची वही कोणाच्या घरी होती?” मग माझे तोंडच बंद झाले. वही माझ्याकडे होती खरी. त्या वहीने मला जे शिकवले, आणि त्यात माझ्या हातून ज्या दोन चुका झाल्या, तेवढेच मी आज सांगणार आहे.

गेल्या श्रावणात आपण ठरवले की प्रत्येकीने आपल्या घरची, लहानपणी ऐकलेली एक तरी गोष्ट आणायची. पुस्तकातली नको, तोंडची हवी. आपल्या मिरजेत काय कमी आहे? एका गल्लीत मराठे, लिंगायत, जैन, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती अशी सगळी घरे. मला वाटले, सगळ्या धर्मांच्या निराळ्या गोष्टी गोळा होतील आणि वही कशी छान रंगीबेरंगी होईल. झाले उलटेच. पहिल्या आठवड्यात पाच जणींनी पाच घरांतून एकच गोष्ट आणली. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणाऱ्या म्हातारीची!

सतारमेकर गल्लीतल्या आमच्या चाचींनी तर ती फार मजेने सांगितली. त्यांच्या घरात तीन पिढ्या सतारीचे भोपळे वाळत पडलेले. हे भोपळे पंढरपूरकडून येतात, कडू जातीचे, जाड सालीचे. चाची म्हणाल्या, “आमच्या भोपळ्यात म्हातारी मावते की नाही, हे मी लहानपणी आत डोके घालून पाहिले आहे. अब्बांचा मार खाल्ला.”

पुढे वाचनालयातल्या बाईंनी मला सांगितले की ही म्हातारी आपल्याच मुलखात फिरत नाही. बंगालमध्ये उपेंद्रकिशोर रायचौधुरी, म्हणजे चित्रपट काढणारे सत्यजित राय यांचे आजोबा, यांनी १९१० साली मुलांसाठी लोककथांचे पुस्तक काढले. त्यात कुबड आलेली म्हातारी दुध्या भोपळ्यात बसून गडगडत घरी येते. तिकडे इराणमध्येही मुलांना हीच गोष्ट सांगतात. तिथे वाटेत लांडगा, बिबट्या आणि सिंह भेटतात, आणि लेक आईला भोपळ्यात बसवून परत धाडते. मराठी, बंगाली, फारसी. तिन्ही ठिकाणी म्हातारी तीच, वाट रानातली, आणि भोपळ्यात बसवून परत धाडणारी असते ती लेक, नाहीतर बंगालीतल्यासारखी नात.

मला इतका आनंद झाला की मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून टाकले, ‘सर्व जगाची गोष्ट एकच आहे.’ हे वाक्य मी नंतर खोडले. का खोडले, तेच आता सांगते.

पाच जणींपैकी एक होत्या आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्या जत तालुक्यातल्या, कायमच्या दुष्काळी भागातल्या. त्यांनी दुपारी शेंगा फोडता फोडता गोष्ट सांगितली आणि मी रात्री स्वयंपाकघर आवरून ती लिहून काढली. लिहिताना मी ती ‘शुद्ध’ केली. शाळेत निबंध लिहितात तशी. ‘म्हातारी लई वाळली हुती’ याचे मी ‘वृद्धा अत्यंत कृश झाली होती’ असे केले. आणि एक भाग तर मी गाळलाच. त्यांच्या गोष्टीत लेक आईला उघडपणे जेवू घालत नाही. सासूची नजर चुकवून, पदराखाली झाकून, परड्यातल्या कडब्याच्या गंजीमागे नेऊन खायला देते. मला वाटले, हे बरे दिसत नाही. सुनेने सासूच्या घरात केलेली चोरी, आणि तीही सासूनेच सुनेला सांगितलेली! चारचौघींत वाचल्यावर लोक काय म्हणतील? म्हणून मी लिहिले, ‘कन्येने मातेला पंचपक्वान्नांचे भोजन दिले.’

दुसऱ्या दिवशी मोठ्या हौसेने मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाल्या, “चांगली हाय. कुणाची हाय ही गोष्ट?”

मी म्हटले, “तुमचीच की आत्याबाई.”

“माझी न्हवं,” त्या म्हणाल्या, आणि शेंगांचे सूप उचलून आत निघून गेल्या. पुढचे पंधरा दिवस त्यांनी मला एकही गोष्ट सांगितली नाही. नातवंडांनी हट्ट केला तरी नाही.

मला आधी रागच आला. एवढे मी रात्री जागून लिहिले, त्याचे काहीच नाही! पण घरातले अबोलणे तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. त्याने अन्नाची चव जाते. शेवटी मीच एका संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि विचारले, “माझे चुकले कुठे?” तेव्हा त्या बोलल्या.

१९७२ चा दुष्काळ. आत्याबाई नुकत्या नांदायला आलेल्या. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. घरी खायला तांबडी मिलो ज्वारी, आणि कामावर सुकडी मिळायची. एके दिवशी त्यांची आई पायी चालत लेकीच्या दारात आली. नुसती हाडे राहिलेली. घरात खाणारी तोंडे नऊ. सासूला सांगायची छाती नव्हती, आणि सासू तरी काय करणार होती? तिची स्वतःची मुले उपाशी. तेव्हा आत्याबाईंनी आठ दिवस कामावरची आपल्या वाट्याची सुकडी न खाता पदरात बांधून आणली आणि परड्यात गंजीमागे आईला चारली. नवव्या दिवशी आई परत निघाली. “वाटंत काय झालं न्हाई तिला. घरी पोचली,” आत्याबाई म्हणाल्या. “पर पुन्यांदा गाठ पडली न्हाई.”

भगिनींनो, बावीस वर्षे मी त्या घरात सून आहे. ही हकीकत मला ठाऊक नव्हती. ती त्यांनी कधी सांगितली नव्हती, पण गोष्टीत घालून दर वेळी नातवंडांना सांगत होत्या. आणि मी नेमका तेवढाच भाग गाळून तिथे पंचपक्वान्ने वाढून ठेवली.

मी ती पाने फाडली. आत्याबाईंनी पुन्हा गोष्ट सांगितली आणि या वेळी मी एक शब्द बदलला नाही. ती आता वहीत आहे, ‘लई’ आणि ‘हुती’ सकट.

यानंतर मला प्रश्न पडला की मोठमोठ्या लोकांनी हे काम कसे केले असेल? माझी मुलगी कॉलेजात आहे. तिने वाचनालयातून एक इंग्रजी पुस्तक आणून मला संध्याकाळी मराठीत सांगितले. सर बार्टल फ्रिअर हे १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर होते. १८६५-६६ च्या हिवाळ्यात त्यांनी दख्खनचा दौरा केला. बरोबर त्यांची वीस वर्षांची मुलगी मेरी होती. तंबूत तिला सोबतीला बाईमाणूस म्हणजे तिची आया, ॲना लिबेराता डिसूझा. वेळ जावा म्हणून मेरीने तिला गोष्टी विचारल्या. त्या गोष्टींचे पुस्तक १८६८ साली लंडनला निघाले. हिंदुस्थानातल्या लोकांच्या तोंडून ऐकून इंग्रजीत छापलेल्या लोककथांच्या अगदी पहिल्या पुस्तकांत ते गणले जाते.

ही ॲना कोण? तिच्या आजोबांचे घराणे मूळचे लिंगायत. पुढे गोव्याजवळ येऊन ख्रिस्ती झाले. आजोबा इंग्रजांच्या पलटणीत हवालदार. आजी त्यांच्यामागून टिपूच्या लढाईत पलटणीबरोबर चालत गेलेली, उंच, धिप्पाड बाई. गोष्टी या आजीच्या. ॲना स्वतः विधवा, पदरी दोन मुले. त्यांतला मुलगा पुण्याच्या नदीत बुडून गेला. ती चर्चला जाणारी, पण तिच्या गोष्टींत राम-लक्ष्मण आहेत, सूर्याबाई आहे, विक्रम राजा आहे, आणि वाघाला गाढव समजून बडवणारा आपला ओळखीचा कुंभारही आहे. घराण्याने धर्म बदलला, पण आजीच्या गोष्टी काही घराबाहेर टाकल्या नाहीत.

मला सर्वांत आवडले ते पुढचे. मेरी ऐकताना टिपणे करी, मग गोष्ट लिहून काढी, आणि लिहिलेली गोष्ट ॲनाला परत वाचून दाखवी, बरोबर उतरली की नाही म्हणून. इतकेच नव्हे, तर ॲनाने सांगितलेली तिची स्वतःची कहाणीही तिने पुस्तकात छापली. गव्हर्नरची मुलगी आयेला विचारी, “बरोबर आहे का?” आणि मी सून असून सासूला आधी विचारले नाही.

तसेच जर्मनीत. ग्रिम बंधूंची नावे आपल्या मुलांना ठाऊक असतात. त्यांच्या संग्रहाचा पहिला भाग १८१२ ला आणि दुसरा १८१५ ला निघाला. दुसऱ्या भागातल्या कित्येक गोष्टी डोरोथेआ फीमान नावाच्या बाईने सांगितलेल्या. शिंप्याची बायको, मळ्यातला भाजीपाला कासेल शहरात आणून विकणारी. बापाची खाणावळ होती, तिथे उतरणाऱ्या वाटसरूंकडून लहानपणी तिने गोष्टी ऐकल्या. ती सावकाश सांगे, आणि कुठे चुकले तर स्वतःच थांबून दुरुस्त करी. ग्रिम बंधूंनी तिचे नाव प्रस्तावनेत दिले आणि १८१९ च्या आवृत्तीत तिचे चित्रही छापले. आपल्या मंडईत कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसणाऱ्या मावशींकडे मी आता निराळ्या नजरेने पाहते.

पण अशा नशीबवान थोड्याच. मघाशी मी ज्या बंगाली पुस्तकाबद्दल बोलले, त्यात उपेंद्रकिशोरांनी लिहिले आहे की संध्याकाळी मुले जेवणाआधीच पेंगू लागतात, तेव्हा त्यांना जागे ठेवायला पूर्व बंगालच्या बायका या गोष्टी सांगतात. भात शिजेपर्यंत मुलाचा डोळा लागू द्यायचा नाही, हे कोणत्या आईला सांगायला हवे? त्या बायकांचा उल्लेख राहिला हे चांगलेच झाले. त्यांची नावे मात्र राहिली नाहीत.

आता माझी दुसरी चूक. ती धर्माच्या बाबतीतली आहे, म्हणून सांभाळून सांगते.

आपल्याकडे मनूची गोष्ट आहे. शतपथ ब्राह्मणात ती येते. मनूच्या ओंजळीत लहानसा मासा आला, मनूने त्याला वाढवले, आणि जलप्रलयात मनूने त्या माशाच्या शिंगाला दोर बांधला आणि माशाने त्याची नाव ओढून नेली. ख्रिस्ती भगिनींच्या बायबलात नोहा आहे. कुराणात नूह आहे. आणि इराकात निनवे नावाच्या प्राचीन नगरात मातीच्या विटांवर कोरलेली याहूनही जुनी प्रलयकथा सापडली. ती वाचणारा जॉर्ज स्मिथ हा गरीब घरचा मुलगा. चौदाव्या वर्षी शाळा सोडून नोटांचे ठसे कोरण्याचे काम शिकायला लागलेला. जेवणाच्या सुट्टीत म्युझियममध्ये जाऊन तो ती लिपी शिकला, आणि १८७२ साली त्याने त्या विटांवरची प्रलयाची गोष्ट लंडनच्या विद्वानांपुढे वाचली. आमच्यासारख्या अर्ध्या शाळेच्या माणसांना यात मोठा धीर आहे.

हे सगळे वाचून मी हौसेने एक लेख लिहिला. त्यात नोहा आणि नूह एका ओळीत बसवले. नाव बांधली, प्राणी घेतले, कुटुंब घेतले, पाणी ओसरले, संपले. या वेळी मी शहाणी झाले होते. लेख वहीत उतरवण्याआधी एका पंगतीतल्या दोन वाढप्यांसारख्या त्या दोन गोष्टी ज्यांच्या त्यांना दाखवल्या. ख्रिस्ती घरच्या आपल्या शिक्षिकाबाईंनी नोहाचा भाग वाचून ठीक आहे म्हणून सांगितले. नूहचा भाग मी चाचींना वाचून दाखवला. चाचींनी मधेच माझा हात धरला. “बेटी, बच्चे कू कैसा भूली तू?”

मला कळेना. तेव्हा त्यांनी सांगितले. कुराणात नूहचा एक मुलगा नावेत चढत नाही. बाप हाका मारतो, ये, आमच्याबरोबर ये. मुलगा म्हणतो, मी डोंगरावर चढेन, डोंगर मला वाचवील. मग दोघांच्या मध्ये लाट येते. बायबलात नोहाचे तिन्ही मुलगे नावेत आहेत. हा बुडालेला मुलगा तिथे नाही. चाची म्हणाल्या, “लहानपणी मला वाटे, ही गोष्ट नावेची आहे. आई झाले तेव्हा कळले, ही हाक मारणाऱ्या बापाची आहे.” त्यांचा धाकटा मुलगा घर सोडून गेला आहे, हे गल्लीत सर्वांना माहीत आहे. मी त्यावर काही बोलले नाही. घरी येऊन तो भाग पुन्हा लिहिला.

म्हणून मी पहिल्या पानावरचे ते वाक्य खोडले. सगळ्यांची गोष्ट एकच, असे म्हणणे चांगल्या मनाचे आहे, आणि काही अंशी खरेही आहे. गोष्टी धर्माच्या वेशीपाशी थांबत नाहीत. गौतम बुद्धाच्या चरित्राची कथा इराण, अरबस्तान, जॉर्जिया, ग्रीस अशी भाषा बदलत युरोपात गेली. बोधिसत्त्व या शब्दाचा पालटत पालटत जोसाफाट झाला, आणि ख्रिस्ती लोकांनी त्याला आपला संत मानून २७ नोव्हेंबर हा त्याचा दिवस ठरवला. आपल्या बौद्ध भगिनींना हे मी सांगितले तेव्हा त्या किती वेळ हसत होत्या. पण गोष्टीचा सांगाडा जरी सारखा असला तरी ज्या जागी ती निराळी होते, तिथे सांगणारीचे स्वतःचे काहीतरी असते. कुठे पदराखालची सुकडी, कुठे लाटेपलीकडचा मुलगा. आपण सारखेपणाच्या आनंदात तेवढेच पुसून टाकतो. ‘आपण सगळे एकच’ म्हणताना शेजारणीचे ऐकून घ्यायचे राहून जाते.

आपल्याकडे हे काम करून गेलेल्या दोन थोर बाया मला या निमित्ताने आठवतात. दुर्गाबाई भागवत (१९१०–२००२) तरुणपणी मध्य प्रांतातल्या आदिवासींत हिंडल्या. तिथे विषारी सुरण खाण्यात आल्याने त्यांना कित्येक वर्षे अंथरुणावर काढावी लागली. तरी काम सोडले नाही. १९५६ साली त्यांचे ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ आले. निरनिराळ्या प्रांतांच्या लोककथा त्यांनी मराठी मुलांसाठी लिहिल्या आणि बौद्धांच्या जातककथाही मराठीत आणल्या. दुसऱ्या सरोजिनी बाबर (१९२०–२००८), आपल्याच जिल्ह्यातल्या बागणीच्या. राज्याच्या लोकसाहित्य समितीचे काम करताना त्यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या ओव्या, कहाण्या, सणवार यांचे खंडच्या खंड छापून काढले. जात्यावरच्या बाईला त्यांनी अडाणी मानले नाही.

आता पुढच्या वर्षासाठी चार गोष्टी सुचवते आणि थांबते. पहिली, गोष्ट ज्या बोलीत सांगितली त्याच बोलीत लिहावी. शुद्ध करायला शाळा आहेत. दुसरी, लिहून झाली की सांगणारीला वाचून दाखवावी, आणि ती ‘माझी’ म्हणेपर्यंत वहीत घेऊ नये. तिसरी, दुसऱ्या धर्माविषयी काही लिहिले तर त्या धर्माच्या शेजारणीला आधी दाखवावे. त्यासाठी लांब जावे लागत नाही, उंबरा ओलांडला की झाले. तुर्कस्तानात मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या सुमारास गहू, हरभरे, शेंगदाण्यासारखे दाणे आणि सुकी फळे घालून ‘आशुरे’ नावाची खीर करतात. नूहच्या नावेत शेवटी उरलेसुरले दाणे एकत्र शिजवले, अशी तिची कथा सांगतात. ती खीर वाट्यांत भरून शेजारी धाडायची रीत आहे. यंदा चाची आणि मी मिळून ती करून पाहणार आहोत. आणि चौथी, सांगणारीचे नाव, तिचे माहेर आणि तिने गोष्ट कोणाकडून ऐकली, हे पानाच्या माथ्यावर लिहावे.

आत्याबाईंना मी नाव विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “माझं नाव कशाला? रेशनकार्डावर हाय की.” मी म्हटले, वहीतही हवे. मग त्यांनी आपले नाव सांगितले, आणि थोडे थांबून म्हणाल्या, “आईचंबी लिव्ह. गोष्ट तिचीच.” दोन्ही नावे वहीत आहेत. इथे मी ती उच्चारत नाही, कारण आत्याबाई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत आणि उठून जातील. वही चहाच्या टेबलावर ठेवली आहे. चहा घेता घेता पहिले पान उघडून पाहा.